बंदी नाही, संमती लागते

शाळेतल्या प्रार्थनेवर एक लेख वाचला, त्यात म्हटलंय की घटनेने अशा प्रार्थनेवर सरसकट बंदी घातलीय. असं नाहीये हो. कलम २८ प्रमाणे पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा पूजेला बसवायचं तर पालकांची संमती हवी. आता ही संमती कुणी कधी मागितलीय? ऐरोलीत मुलीच्या ॲडमिशनच्या वेळी फॉर्मवर ब्लड ग्रुपपासून व्हॅनवाल्याच्या नंबरापर्यंत सगळं विचारलं, हे सोडून.

तिच्या वर्गातला एक मुलगा परिपाठाला हात जोडत नाही, नुसता ताठ उभा राहतो, कुणाला त्रास नाही काही नाही, तर बाईंनी पुढे बोलावून सगळ्यांसमोर त्याचे हात धरून जोडले. ह्याला संस्कार म्हणायचं?

केरळात तीन भावंडं राष्ट्रगीताला उभी राहायची पण पंथाच्या श्रद्धेमुळे गायची नाहीत म्हणून शाळेतून काढली होती, १९८६ ला सुप्रीम कोर्टाने परत घ्यायला लावली. राष्ट्रगीताचं हे, मग प्रार्थनेचं काय घेऊन बसलात.

आणि कुणीतरी आता विचारेलच की मग सरस्वतीपूजन पण बंद करायचं का. दसऱ्याला पाटीवर एक-एक काढून सरस्वती आमच्याकडे पण होते, हौसेने. पण ती आमच्या घरात. पालकसभेत फॉर्मवर संमतीचा रकाना टाका असं लेखी देणार आहे, बघू शाळावाले काय म्हणतात.