फिनीला स्पर्धाच करायची नव्हती

अमेरिकन लेखक जॉन नोल्सच्या 'अ सेपरेट पीस' या कादंबरीचा विषय निघाला की 'दोन मित्रांमधल्या मत्सराची गोष्ट' एवढं म्हणून लोक मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. मत्सर आहेच, पण गोष्टीतल्या झाडावर जे घडतं ते भीतीपोटी घडतं.

१९४२चा उन्हाळा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधली डेव्हन ही मुलांची निवासी शाळा. जीन अभ्यासात हुशार, त्याचा रूममेट फिनी खेळात अव्वल. झाडावरून नदीत उडी मारायची टूम फिनीची. जीनच्या पोटात गोळा येतो, तरी तो उडी मारतो, कारण नाही म्हणायची हिंमत त्याहून कमी. हॉस्टेलवर राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

हळूहळू जीनच्या डोक्यात बसतं की फिनी आपला पहिला नंबर घालवायला टपलाय. या समजुतीचा त्याला आधारच वाटतो. दोघंही एकमेकांवर जळतोय, म्हणजे फिटंफाट!

खरं तर तलावावरच त्याला कळायला हवं होतं. फिनी सहज पोहतो आणि शाळेचा विक्रम मोडतो. वेळ लावायला जीन, बाकी तिथे चिटपाखरू नाही. जीन म्हणतो, उद्या सगळ्यांसमोर पुन्हा पोह, नोंद होऊ दे. फिनी साफ नाही म्हणतो, वर कुणाला सांगू नकोस असं बजावतो. जिंकून गप्प बसणाऱ्या मुलाशी स्पर्धा करायची तरी कशी?

मग ती संध्याकाळ. जीन फ्रेंचच्या परीक्षेचा अभ्यास करतोय, फिनी झाडाकडे चल म्हणतो, जीन भडकतो. फिनीला खरंच आश्चर्य वाटतं. अभ्यास असेल तर कर ना, मला वाटलं तुला सगळं आपोआप येतं! त्या क्षणी जीनला उमगतं की याच्या मनात चुरस कधी नव्हतीच, जळणारे आपण एकटेच. थोड्याच वेळात फांदीवर त्याचे गुडघे वाकतात, फांदी हलते, फिनी काठावर कोसळतो आणि त्याचा पाय मोडतो.

हा क्रम नीट बघा. शत्रू समजत होता तोवर जीनने त्याला बोटही लावलं नव्हतं. तो शत्रू नाही, आपल्यापेक्षा चांगला माणूस आहे, हे कळल्यावर फांदी हलली.

त्यात बाहेर महायुद्ध. त्याच नोव्हेंबरमध्ये सक्तीच्या भरतीचं वय २० वरून १८ वर आलं. गोगलगायींत रमणारा लेपर सगळ्यांआधी सैन्यात जातो आणि मन बिघडून पळून येतो. फिनी मात्र म्हणत राहतो की युद्धबिद्ध काही नाही, जाड्या म्हाताऱ्यांनी रचलेली थाप आहे. पाय दुसऱ्यांदा मोडल्यावर, दवाखान्यात तो जीनपाशी कबूल करतो की हिवाळाभर आपण सैन्याला पत्रं पाठवत होतो, कुठेतरी घ्या म्हणून. पायामुळे कुणीच घेत नव्हतं. जीनला ज्याचा एवढा धसका होता, तो मुलगा मागे राहण्याच्या कल्पनेने इतका कासावीस होता! ते पान वाचताना मला दर वेळी भरून येतं.

म्हणूनच कुणी या कादंबरीचं 'मत्सर करू नये' असं तात्पर्य काढलं की मला राग येतो. जीनच्या वयाच्या मुलांना तात्पर्य सांगू नका, पुस्तकच हातात द्या.