प्रोस्टेटच्या त्या मेसेजला काउंटरच्या अलीकडून उत्तर

महिन्याभरात तो मेसेज मला भावकीच्या ग्रुपवर आला, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर आला, आणि परवा दुपारी खेड्यावरून आलेल्या एका मामांनी मोबाइलच काउंटरवर ठेवला. "हे खरं हाय का, बघा बरं."

मजकूर थोडक्यात असा. पन्नाशीनंतर लघवीचा त्रास हा वयाचा भाग आहे, त्याला आजार म्हणू नका. पीएसए ही रक्ततपासणी कॅन्सरची भीती घालायला काढली आहे. प्रोस्टेटचं ऑपरेशन केलं की माणूस कामातून जातो. ताकदीच्या इंग्रजी गोळ्यांनी हार्ट बंद पडतं. त्यापेक्षा २१ दिवस जडीबुटीचं चूर्ण घ्या, गाठ विरघळते आणि जवानी परत येते. खाली चूर्ण मागवायचा नंबर.

केज तालुक्यात मी २६ वर्षं मेडिकल चालवतो. डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. पण आपल्याकडे पुरुष ही गोष्ट डॉक्टरच्या आधी मेडिकलवाल्याला सांगतो, तीही दुकानात दुसरं कुणी नाही हे बघून. म्हणून या मेसेजला उत्तर देणं माझं काम आहे असं मी धरतो.

पहिला मुद्दा वयाचा. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीला वेढून बसलेली ग्रंथी. तरुणपणी अक्रोडाएवढी असते, वयाबरोबर वाढते, एवढं खरं. पण वाढलेल्या गाठीनं वाट दाबली की मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही, लघवी मागे साठत जाते, आणि तो दाब किडन्यांवर येतो. दुखत काहीच नाही. रक्तातलं क्रिएटिनीन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा आकडा, वाढलं की मग कळतं. रातीतून चारदा उठणं, धार बारीक होणं, सुरू व्हायला वेळ लागणं हे सगळं 'म्हातारपण' म्हणून सोडलं तर मधली वर्षं हातची जातात. शिवाय रात्री वारंवार उठण्याचं कारण प्रोस्टेटच असेल असंही नाही. वाढलेली शुगर असते, कधी संध्याकाळी घेतलेली बीपीची लघवी वाढवणारी गोळी असते. हे तपासल्याशिवाय कळत नाही, आणि तपासणी काही अवघड नाही: लघवी करून आल्यावर आत किती उरली हे सोनोग्राफीत दिसतं, धारेचा वेग मोजायचं यंत्र असतं.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. काही वर्षांपूर्वी सत्तरीतले एक अण्णा सर्दीची गोळी घेऊन गेले. त्यांना लघवीचा त्रास होता, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. सर्दीच्या कित्येक गोळ्यांत अशी औषधं असतात की ज्यांनी मूत्राशयाचं तोंड आणखी आवळतं किंवा मूत्राशयाचा जोर कमी होतो. त्या रात्री त्यांची लघवी पूर्ण तुंबली. पोट फुगून दगडासारखं झालं, पहाटे जीप करून नेलं, नळी टाकल्यावर सुटले. तेव्हापासून पन्नाशीपुढच्या कुठल्याही माणसाला सर्दीची गोळी देण्याआधी मी लघवीचं विचारतो. ज्याला हे 'वयाचं' वाटतं, तो मला सांगणारच नाही. म्हणून या मेसेजचं मला भय वाटतं.

पीएसएबद्दलच्या वाक्यात थोडं सत्य आहे, ते आधी मान्य करतो. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमध्ये बनणाऱ्या एका प्रथिनाचा रक्तातला आकडा, वाढला म्हणजे कॅन्सर, असं नाही. साध्या गाठीनं वाढतो, जंतुसंसर्गानं वाढतो, लघवी तुंबून नळी टाकली असेल तरी वाढतो. पूर्वी आकडा वाढला की थेट सुईनं तुकडे घ्यायचे. आता आधी एमआरआय करण्याकडे कल आहे. २०१८ साली ५०० पुरुषांवरच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, आधी एमआरआय केलेल्यांपैकी २८ टक्के लोकांना सुई लागलीच नाही, आणि तरीही धोक्याचे कॅन्सर जास्त सापडले. सापडलेला प्रत्येक कॅन्सर लगेच कापायचा असतो असंही राहिलं नाही. कमी धोक्याच्या गाठीवर नुसती नियमित नजर ठेवतात. ब्रिटनमध्ये पीएसएमुळे कॅन्सर लवकर सापडलेल्या १,६४३ पुरुषांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. त्यांतल्या काहींवर शस्त्रक्रिया झाली, काहींनी रेडिएशन घेतलं, काहींवर नुसती नजर ठेवली. १५ वर्षांनंतरचा हिशेब २०२३ साली आला: प्रोस्टेट कॅन्सरनं गेलेले तिन्ही गटांत मिळून तीन टक्क्यांहून कमी. तेव्हा तपासणी करायची की नाही, हे वय, घरातला इतिहास आणि त्रास बघून डॉक्टरशी बोलून ठरवावं. पण ती भीती घालायला काढली हे म्हणणं खोटं. कंबर धरून, हाडात पसरल्यावर आलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता ऑपरेशन. 'कामातून जातो' ही समजूत या मेसेजपेक्षा जुनी आहे, आणि ती कुठून आली असावी हे मला वाटतं ते सांगतो. साध्या गाठीचं ऑपरेशन लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून करतात, पोटाला चीर नाही. लेझरच्या नव्या पद्धतीत तर मोसंबीची साल तशीच ठेवून आतला गर काढावा तशी गाठ आतून सोलून काढतात. मोठ्या गाठीही निघतात आणि रक्त कमी जातं. या ऑपरेशननंतर ताठरता बहुतेकांची आधी होती तशीच राहते. बदलतं ते दुसरंच: संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं आणि पुढच्या लघवीबरोबर निघून जातं. हे बऱ्याच जणांना होतं. शरीराला इजा नाही, सुखही जात नाही, मात्र मूल हवं असेल तर ते आधी बोलायला हवं. डॉक्टरांनी हे आधी नीट सांगितलं नाही, की माणूस घरी आल्यावर 'कोरडं' बघून हादरतो. आपण संपलो असं समजतो, बायकोपासून लांब झोपायला लागतो, आणि पारावर बातमी होते. यात दोष सुरीचा नाही, न सांगितलेल्या दोन वाक्यांचा आहे.

कॅन्सरसाठी पूर्ण ग्रंथी काढतात ते ऑपरेशन वेगळं, आणि मेसेजनं दोन्ही एकाच पोत्यात भरली आहेत. त्यात ताठरतेला धोका खरा असतो, कारण तिच्या नसा ग्रंथीला चिकटून जातात. अमेरिकेतले सर्जन पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ साली या नसा वाचवून ऑपरेशन करून दाखवलं. आजार नसांपर्यंत गेला नसेल तर आज त्या जपायचा प्रयत्न करतात. सगळ्यांच्या वाचतात असं मी म्हणणार नाही.

सगळ्यांनाच ऑपरेशन लागतं असंही नाही. गोळ्यांनी बरेच जण वर्षानुवर्षं ठीक राहतात. फक्त एक लक्षात ठेवा: टॅमसुलोसिन ही प्रोस्टेटची गोळी चालू असेल किंवा पूर्वी घेतली असेल, तर मोतीबिंदूच्या शिबिरात डोळ्याच्या डॉक्टरांना ते आधी सांगा. त्या गोळीनं डोळ्याच्या बाहुलीभोवतीचा पडदा ऑपरेशनच्या वेळी ढिला पडू शकतो. आधी माहीत असलं तर ते तयारी ठेवतात.

ताकदीच्या गोळ्यांचं आता. सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, १९९८ साली आलं. मुळात ते छातीच्या दुखण्यावर तपासलं जात होतं. ज्याचं हृदय ठीक आहे त्याचं ते या गोळीनं बंद पडत नाही. पण छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी, म्हणजे सॉर्बिट्रेटसारखी, चालू असेल आणि वरून ही घेतली तर बीपी एकदम कोसळतं. जीवही जाऊ शकतो. म्हणूनच ती चिठ्ठीशिवाय देत नाहीत. याच घराण्यातलं टाडालाफिल आता रोज छोट्या मात्रेत प्रोस्टेटच्या त्रासावरही देतात.

आणि गोळीच्या आधी तपासणी का, तेही सांगतो. लिंगातल्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार. चरबी साचायला लागली की बारीक वाहिनी आधी कमी पडते. त्यामुळे कमी झालेली ताठरता ही कधीकधी हार्टची चिठ्ठी असते, छातीत दुखण्याच्या काही वर्षं आधी आलेली. कित्येकांची शुगर याच निमित्तानं पहिल्यांदा सापडते. चोरून गोळी घेणारा ही चिठ्ठी न वाचताच फाडतो.

राहिलं चूर्ण. गाठ विरघळवणारं चूर्ण नाही. आणि 'तासाभरात फरक' देणाऱ्या अशा चूर्णांत, कॅप्सूलांत अनेकदा सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलच मिसळलेलं असतं, हे औषध प्रशासनांच्या प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा सापडलं आहे. पुडीवर मात्र जडीबुटीच लिहिलेली. ज्या औषधाची भीती मेसेज घालतो, तेच मात्रा न सांगता विकलं जातं. अशा जाहिरातींना आपल्या देशात १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि एसटी स्टँडच्या भिंतींपासून मोबाइलपर्यंत त्या चालूच आहेत.

खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मूत्रमार्गाच्या अनेक शस्त्रक्रिया आहेत. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

हे सगळं मी त्या मामांना सांगितलं आणि शेवटी विचारलं, छातीची गोळी चालू आहे का? त्यांनी बंडीच्या खिशातून पट्टी काढून समोर ठेवली. सॉर्बिट्रेट. चूर्णाचे पैसे अजून पाठवले नव्हते. मेसेज त्यांनी तिथंच पुसला, आणि अंबाजोगाईला सोनोग्राफीसाठी कुठल्या वारी जायचं ते विचारलं.