मानद प्रत

आमच्या घरी भांडण कोकणीत होतं आणि भजन मराठीत. गोव्यातल्या पुष्कळ घरांत हे असंच चालतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. त्यामुळे फोंड्याच्या बाजारात ‘कितलें गो?’ म्हणत मासळीवालीशी घासाघीस करणारा माणूस दिसला, तर त्याच्या खिशात मराठी कविता नसेलच असं सांगता येत नाही. माझ्या खिशात होती.

अशा खिशांतल्या कविता बाहेर काढाव्यात, तालुक्यातालुक्यांतली कविमंडळी एका जागी आणावीत, म्हणून मी मासिक काढायचं ठरवलं. छपाईचा खर्च ऐकून बायको म्हणाली, “अहो, तेवढ्यात न्हाणीघराच्या फरशा होतील.” फरशा झाल्या. मासिक ऑनलाइन झालं.

भाचा फर्मागुढीला इंजिनिअरिंग शिकतो. तो म्हणाला, “मामा, एका सांजेचें काम तें.” ती सांज मार्चातली होती. मासिक निघालं ते मिरगाच्या पावसात.

पहिला महिना नावात गेला. मी ‘माटोळी’ सुचवलं. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर आपण नारळाची पेंड, सुपारीचं शिपटं, रानातली कांगलां असं मिळेल ते बांधतो. तशीच गावोगावच्या कवितांची माटोळी. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग भाच्याने पत्त्यासाठी रोमन स्पेलिंग विचारलं आणि बैठक फुटली. एकाने दोन ‘ए’ घातले, दुसऱ्याने शेवटी दोन ‘ई’. तिसऱ्याला रोमनमध्ये ‘ळ’च नाही याचा मनस्ताप झाला आणि तो चहा न घेता निघून गेला. चौथ्याच्या स्पेलिंगने मासिक इटलीतून निघतंय असं वाटत होतं. “तुम्ही ठरवा,” भाचा म्हणाला, “तोपर्यंत मी पत्त्यात ‘टेस्ट’ टाकून ठेवतो.”

नावाचं ते तसंच राहिलं, कारण तोवर कविता यायला लागल्या. येतात कशा, ते सांगायला हवं. काही व्हॉट्सॲपवर फोटो होऊन येतात. शेवटच्या ओळीवर कवीचा अंगठा असतो. काही लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला असतात. पण खरा घाम काढला तो जुन्या संमेलनांच्या स्मरणिकांसाठी डीटीपीवाल्याकडे टाइप करून ठेवलेल्या कवितांनी. त्या वेळचे फॉन्ट वेगळे, आताचं युनिकोड वेगळं. कविता इकडून उचलून तिकडे टाकली की मराठी नाहीशी होते आणि टोप्या घातलेली, टिंबं लावलेली परदेशी अक्षरं दिसू लागतात. तसल्याच एका पावसाच्या कवितेचा कागद शेजारच्या नानूंच्या हाती लागला. ते पोर्तुगीज काळात लिसेवात शिकलेले. त्यांनी चष्मा लावून दहा मिनिटं तो कागद वाचला आणि निकाल दिला, “पोर्तुगेज न्हय हें. फ्रेंच आसतलें.”

तेव्हा मला थॉमस स्टीफन्सची फार आठवण झाली. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात आला. पुढे साठ वर्षांनी, १६१६ साली, या इंग्रज पाद्र्याचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ राशोलला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. त्याच्यापाशी देवनागरी अक्षरं नव्हती म्हणून तो अडला. माझ्यापाशी देवनागरीच्या सात जाती, त्या एकमेकींशी बोलत नाहीत. शिवाय त्याच्या जवळजवळ अकरा हजार ओव्या. ‘कविता वीस ओळींपेक्षा मोठी नको’ असं सांगणारा संपादक त्याला भेटला नसावा. मी सांगितलं, तर एका कविवर्यांनी प्रत्येक दोन ओळी एका ओळीत घालून पाठवल्या.

एक कविता मात्र सत्तरी तालुक्यातून आवाज होऊन आली. धालो या बायकांच्या नाचगाण्याच्या मांडावर गाणाऱ्या एका आजीने स्वतः बांधलेल्या ओव्या नातीच्या फोनवर म्हटल्या होत्या. आजींना लिहिता येत नाही. घरात रेंजही नाही, म्हणून दोघी टेकाडावरच्या देवळापर्यंत चढून गेल्या होत्या. मागे कोंबडा आरवतो, कुणीतरी ‘गाय बांधली काय?’ म्हणून ओरडतं, आणि आजी न थांबता पुढची ओवी घेतात. भाचा म्हणाला, कोंबडा काढून टाकता येईल. मी म्हटलं, हात लावू नको.

ती कविता पहिल्या पानावर गेली, यावरून रुसवे झाले. कुणी म्हणालं, पहिल्या पानावर बोरकरच हवेत. त्यांचं बोरी गाव आपल्याच तालुक्यात. मी कायदा सांगितला: बा. भ. बोरकर १९८४ साली गेले, लेखकाच्या पश्चात साठ वर्षं हक्क वारसांकडे असतात, म्हणजे २०४४ संपेपर्यंत परवानगी मागावी लागेल. “मग थांबूया,” एक्काहत्तर वर्षांचे सूचक म्हणाले.

रुसवे काढायला मी प्रत्येक तालुक्याला एक सहसंपादक नेमला. गोव्यात तालुके बारा. बारांपैकी अकरांनी पहिला प्रश्न विचारला तो मानद प्रतीचा. ऑनलाइन आहे, प्रत नसते, असं मी समजावलं. “हो हो, कळलं,” काणकोणचे सहसंपादक म्हणाले, “पण आमची पोस्टाने पाठवणार ना?”

मग प्रकाशन सोहळा. देवळाच्या सभागृहात समई लागली, हार आले, बटाटेवडे आले. प्रमुख पाहुण्यांनी व्यासपीठावर बसल्याबसल्या विचारलं, “अंक कुठाय?” मी लॅपटॉप दाखवला. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी बारशाला बोलावून पाळण्यात फोटो ठेवला होता. उघडायला काहीतरी पाहिजे, असा त्यांचा आग्रह. शेवटी भाच्याच्या लॅपटॉपला चमकीचा कागद गुंडाळला आणि वर लाल फीत बांधली. टाळ्यांच्या गजरात पाहुण्यांनी फीत सोडली, कागद फाडला, झाकण उघडलं. लॅपटॉपने पासवर्ड मागितला. भाचा बटाटेवड्यांपाशी होता.

तो येईपर्यंत वीज गेली. मिरग म्हटल्यावर जायचीच. विजेबरोबर वायफाय गेलं, पडद्यावरचं चित्र गेलं, आणि लॅपटॉपची बॅटरी किती जुनी आहे तेही लगेच कळलं. तरीही पाहुण्यांनी तो काळा लॅपटॉप दोन्ही हातांनी छातीशी धरला, दोन्ही बाजूंना सहा-सहा सहसंपादक उभे राहिले आणि मोबाइलच्या उजेडात फोटो निघाला. फोटो चांगला आलाय. फक्त मासिक दिसत नाही.

अंधारातच पाहुण्यांचं भाषण झालं. त्यांना वाचायला मिळालं होतं ते निमंत्रणावर भाच्याने छापलेल्या पत्त्याएवढंच. “संपादकांनी नाव फार विचारपूर्वक ठेवलं आहे,” ते म्हणाले. “टेस्ट! टेस्ट म्हणजे चव. चव म्हणजे रुची, रुची म्हणजे अभिरुची. आणि अभिरुचीशिवाय कविता कशी होणार?” पुढे ते हुमणावर, म्हणजे मासळीच्या कालवणावर आले, हुमणातल्या तिरफळांवर आले, आणि तिथून त्यांना कवितेकडे परत आणायला अर्धा तास लागला. टाळ्या मात्र जोरात पडल्या. मीही वाजवल्या, दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन मी ऑनलाइन मासिकाच्या चाळीस प्रती काढल्या आणि स्टेपल मारून बारा तालुक्यांना पाठवल्या. आजींच्या ओव्यांच्या पानावर फक्त एक त्रिकोण छापून आला, जो दाबला की आवाज येतो. केप्याहून फोन आला की त्रिकोण दाबून पाहिला, काही होत नाही.

पुढच्या अंकापासून ‘टेस्ट’ काढून खरं नाव घालू, असं भाचा म्हणतो. पण ते आता जमेलसं दिसत नाही. बाराही जणांनी व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली आहेत.