हवामान धोरण लिहिणाऱ्या नवोदितांस

राज्याचे हवामान आणि स्वच्छ ऊर्जा धोरण लिहिण्याची नस्ती तुमच्या टेबलावर आली आहे, हे ऐकून आनंद झाला. घाबरू नका. या कामाला हवामानाचे ज्ञान लागत नाही आणि विजेचे तर मुळीच नाही. मागच्या एखाद्या शासन निर्णयाची वर्ड फाइल मिळवा. 'वाचा' या शीर्षकाखाली आधीचे सात-आठ निर्णय तारीखवार लावा. ते कुणी वाचत नाही. तुम्हीही वाचू नका, नाहीतर आपण करणार असलेल्या निम्म्या घोषणा त्यात आधीच होऊन गेल्या आहेत हे लक्षात येईल आणि उगाच हात थरथरेल. तळाशी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' टाकले की अर्धे धोरण झाले.

उरलेले अर्धे म्हणजे साल. नवखे इथेच फसतात. निव्वळ कर्ब उत्सर्जन शून्यावर आणायला देशाने ग्लासगोत २०७० हे साल घेतले, मुंबईच्या २०२२ च्या आराखड्याने २०५०. दोन्ही उत्तम. तोवर तुमची पेन्शन सुरू झालेली असेल आणि महागाई भत्त्याचा हप्ता कधी पडतो एवढीच काय ती चिंता उरलेली असेल. जवळचे साल मात्र चुकूनही घालू नका. २०२१ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात कुणी उत्साही माणसाने लिहून ठेवले, की २०२५ पर्यंत नव्या नोंदणीतल्या दहा टक्के गाड्या विजेवरच्या असतील. २०२५ अगदी वेळेवर आले. टक्क्यांचे काय झाले असे कुणी विचारण्याआधी त्याच वर्षी २०३० पर्यंतचे नवे धोरण काढण्यात आले. याला म्हणतात प्रसंगावधान.

त्याच वर्षीच्या मार्चमधला धडाही गिरवून ठेवा. अर्थसंकल्पात ३० लाखांपेक्षा महागड्या इलेक्ट्रिक गाड्यांवर सहा टक्के कर लावायचा प्रस्ताव आला आणि महिना संपायच्या आत मागेही घेतला गेला. तिजोरीत एक रुपया आला नाही, पण महसुलाची काळजी असल्याची एक बातमी झाली आणि पर्यावरणाची काळजी असल्याची दुसरी.

धोरणाला विरोध झाला तर धोरण बदलू नका, मीटरचे नाव बदला. २०२४ मध्ये विधानसभा निवडणूक तोंडावर असताना सर्वसामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, असे जाहीर झाले. लोक खूश. मग घरोघरी मीटर बदलायला माणसे आली. अहो, हा प्रीपेड नाही, हा टीओडी, म्हणजे 'टाइम ऑफ डे', वेळेनुसार दर लावणारा! बिल आधीसारखे महिन्यानेच येईल. नऊ ते पाच या वेळेत वीज वापरलीत तर १ जुलै २०२५ पासून युनिटमागे ८० पैसे सवलतही मिळेल. म्हणजे ज्या वेळेत नवराबायको कामावर, पोरे शाळेत आणि घरात एकटा फ्रिज, त्या वेळेत. त्याची भरभराट होवो. खरे तर ऊन असते तेव्हा वीज वापरा ही कल्पना शहाणपणाची आहे. म्हणूनच ती लोकांना नीट समजावून सांगायची नाही. मीटर बसवायला आलेल्या कंत्राटी पोरालाच काय ते सांगू द्या. त्याला शिव्या खायची सवय असते.

कोळशाचे काय, असे कुणी खोचकपणे विचारेल. त्याला २०२४ ची निविदा दाखवा. एकूण ६६०० मेगावॅट, त्यात ५००० सौर आणि १६०० औष्णिक, एकाच पिशवीत. पत्रक काढताना सौर शब्द आधी घ्यायचा, बाकीचे आपोआप झाकले जाते. आणि जनसुनावणी घ्यावीच लागली तर कोराडीचा आदर्श ठेवा. तिथे ६६० मेगावॅटच्या दोन नव्या कोळसा संचांसाठी सुनावणी झाली ती २०२३ च्या मे महिन्याच्या अखेरीस. नागपूर जिल्हा, नवतपा म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, आणि भर उन्हात तापमानवाढीवरची चर्चा! नागरिकांना विषयाचे प्रात्यक्षिक देण्याची याहून स्वस्त सोय नाही. संचांना लागणाऱ्या कोळशाचीही काळजी नको. महानिर्मितीला, म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीला, मिळालेली गारे पालमाची खाण छत्तीसगडमध्ये आहे. तिच्यासाठी २०२५ च्या जूनमध्ये रायगड जिल्ह्यात झाडे तोडली गेली, पण ते रायगड अलिबागचे नव्हे, तिकडचे. आपल्या वृक्षलागवडीच्या तक्त्यात वजाबाकीचा रकानाच नसतो, तेव्हा तुमचा आकडा सुरक्षित आहे.

आता धोक्याची सूचना. कधीकधी योजना खरोखरच चालते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी २०१७ पासून आहे, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. उपकेंद्राजवळच्या पडीक जमिनीवर पॅनेल मांडायचे आणि शेतीच्या फीडरला, म्हणजे पंपांच्या वीजवाहिनीला, दिवसा वीज द्यायची, इतका साधा मामला. ज्याने पौषातल्या थंडीत रात्री दोनला लाइट आली म्हणून गमबूट चढवून, बॅटरी तोंडात धरून उसाला दारे धरली आहेत, आणि जुन्नरकडचा असेल तर कडेच्या फडात काही हलले की श्वास रोखला आहे, त्याला दिवसाचे आठ तास म्हणजे काय ते विचारा. तो तुमच्या धोरणाला चांगले म्हणेल. हे फार अवघड प्रकरण आहे. चांगल्या योजनेला देखभाल लागते, पैसे लागतात, जळालेले रोहित्र वेळेत बदलून द्यावे लागते, आणि यातल्या कशाचेही उद्घाटन करता येत नाही.

तेव्हा तिच्यावर तातडीने एक फुकट चढवा. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत, २०२९ पर्यंत. शिवाय दहा टक्के भरा आणि सौर पंप न्या. सौर पंपाला बिल नाही, वेळापत्रक नाही, ऊन आहे तोवर उपसा. विहीर आटली तर बोअर, बोअर आटला तर आणखी खोल बोअर. भूजल तुमच्या खात्यात येत नाही. त्या खात्याला टिपणी पाठवून 'अभिप्राय प्रतीक्षाधीन' असा शेरा मारून ठेवा. हा शेरा तुमच्या बदलीपर्यंत पुरतो.

राहता राहिले प्रकाशन. पंचतारांकित सभागृह घ्या, बांबूच्या पाण्याच्या बाटल्या ठेवा, छायाचित्रासाठी एक रोप आणि ते हातात द्यायला एक शाळकरी मुलगी बोलवा. मान्यवर दोन तास उशिरा येतील, एसी अठरावर ठेवा. महावितरणच्या भरवशावर राहू नका, मागच्या अंगाला डिझेल जनरेटर चालू ठेवा, बॅनरच्या आडोशाला. डिझेलचे बिल 'जनजागृती' या शीर्षाखाली टाका. 'इंधन' लिहिलेत तर लेखापरीक्षक आक्षेप काढतील.