मटकी, मूग आणि इंग्रजीतील ‘अनकाउंटेबल’ नाम

नाशिकमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आणि शाळकरी मुलांच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर इंग्रजी व्याकरणाचा एक संदेश सध्या फिरत आहे. जे मोजता येते ते काउंटेबल आणि जे मोजता येत नाही ते अनकाउंटेबल. अनकाउंटेबल नामाला ‘एस’ कधीच लागत नाही. ‘फ्यूअर’ आणि ‘लेस’ या दोन्हींचा अर्थ ‘कमी’, पण काउंटेबल नामाबरोबर ‘फ्यूअर’च्या जागी ‘लेस’ वापरणे ही नेहमीच घोडचूक. आणि मराठीत हा भेदच नसल्यामुळे मराठी मुलांना तो कधी नीट जमत नाही, अशी चार विधाने त्यात आहेत. मुले ती पाठ करत आहेत, म्हणून हे उत्तर.

पहिले विधान सर्वांत घातक आहे, कारण ते पटकन पटते. बँकेतील रोखपाल दिवसभर पैसेच मोजत असतो, तरीही ‘मनी’ हे इंग्रजीत अनकाउंटेबल नाम आहे. मोजल्या जातात त्या नोटा, नाणी आणि रुपये, आणि त्यांची इंग्रजी नामे काउंटेबल आहेत. चार खुर्च्या आणि एक टेबल डोळ्यांना स्वच्छ मोजता येतात, पण त्यांना एकत्रितपणे ‘फर्निचर’ म्हटले की ‘फाइव्ह फर्निचर्स’ म्हणता येत नाही. उलट ‘आयडिया’ला हातही लावता येत नाही आणि तरी ती खुशाल मोजली जाते. ‘ॲडव्हाइस’ आणि ‘सजेशन’ यांच्या अर्थांत फारसे अंतर नाही, मात्र पहिले अनकाउंटेबल व दुसरे काउंटेबल आहे. ‘वर्क’ आणि ‘जॉब’, ‘ट्रॅव्हल’ आणि ‘जर्नी’ या जोड्यांचेही तेच. तेव्हा भेद वस्तूत नसून भाषेने त्या वस्तूकडे कसे पाहिले यात आहे, आणि तो ओळखायचा तर नामाच्या आधी ‘अ’ किंवा ‘टू’ (दोन) थेट येऊ शकते का, ‘मेनी’ चालते की ‘मच’, हे पाहावे लागते.

शिवाय एकच शब्द दोन्ही बाजूंना वावरतो. ‘थ्री अनियन्स’ म्हटले की तीन कांदे, आणि भाजीत ‘टू मच अनियन’ झाले म्हटले की कांद्याचे प्रमाण. हे समजायला आपल्या जिल्ह्यातील माणसाला इंग्रजीपर्यंत जावेच लागत नाही. लासलगावच्या बाजार समितीत ‘कांद्याला भाव मिळाला’ किंवा ‘कांदा घसरला’ असे एकवचनात बोलले जाते, आणि घरी आल्यावर तोच माणूस ‘दोन कांदे चिर’ म्हणतो.

येथेच चौथे विधानही कोसळते. आपण मूग भिजवले म्हणतो आणि मटकी भिजवली म्हणतो. दाण्यांच्या आकारात म्हणावा असा फरक नाही, दोन्ही मिसळीच्या उसळीत जातात, पण मराठीने एकाचे अनेकवचन केले आणि दुसऱ्याला एकवचनात ठेवले. तांदूळ निवडले, पण भात शिजला. इंग्रजीत ‘ओट्स’ अनेकवचनी आणि ‘व्हीट’ एकवचनी असण्यामागे जितके तर्कशास्त्र आहे, तितकेच इथे आहे. मराठी मुले ‘ॲडव्हायसेस’ किंवा ‘हेअर्स’ लिहितात, ती भेद ठाऊक नाही म्हणून नव्हे, तर मराठीत सल्ले आणि केस अनेकवचनी असल्यामुळे. दोन भाषांनी रेषा वेगवेगळ्या ठिकाणी ओढली आहे. युरोपातही असेच आहे: ‘इन्फर्मेशन’ला इंग्रजीत अनेकवचन नाही, फ्रेंच आणि जर्मन भाषांत त्याच शब्दाला ते आहे. मुलांच्या मातृभाषेत उणीव आहे असे त्यांना सांगणे मला अन्यायाचे वाटते.

‘एस’विषयीचे विधान थोडक्यात निकाली निघते. ‘न्यूज’ आणि ‘मॅथेमॅटिक्स’ यांच्या शेवटी ‘एस’ आहे, तरी त्यांच्यापुढे ‘इज’ येते. ‘वाइन्स’ म्हणजे वाइनचे निरनिराळे प्रकार. ‘पी’ म्हणजे वाटाणा, या शब्दाचा जन्म तर या ‘एस’विषयीच्या गैरसमजातूनच झाला. मूळ शब्द ‘पीझ’ असा होता. त्यातील शेवटचा ध्वनी अनेकवचनाचा आहे असे लोकांनी मानले आणि सतराव्या शतकात ‘पी’ हे नवे एकवचन रूढ झाले.

राहिला ‘लेस’. मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी ‘लेस’चा वापर इंग्रजीत नवव्या शतकापासून आढळतो. तेथे ‘फ्यूअर’ अधिक बरे, असे रॉबर्ट बेकर यांनी 1770 मध्ये सुचवले, आणि एका लेखकाची ही पसंती पुढे नियम बनली. परीक्षेत ‘फ्यूअर स्टुडंट्स’ असेच लिहावे, कारण गुण त्यालाच मिळतील. परंतु अंतर, काळ आणि रक्कम यांच्याबाबत ‘लेस’च स्वाभाविक आहे: नाशिकहून त्र्यंबकेश्वर ‘लेस दॅन फॉर्टी किलोमीटर्स’ आहे, कारण तेथे सुटे किलोमीटर मोजलेले नसून एक सलग अंतर सांगितलेले आहे.

टेबल ‘ते’ आणि खुर्ची ‘ती’ हे आपण कारण न विचारता शब्दाबरोबरच शिकलो. इंग्रजी नामाचा हा गुणही तसाच शब्दाबरोबर शिकावा लागतो. विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी शब्दकोशांत नामापुढे ‘सी’ किंवा ‘यू’ हे अक्षर त्यासाठीच छापलेले असते. ‘एक्सपीरियन्स’ उघडून पाहावे: कामाचा अनुभव या अर्थापुढे ‘यू’ आणि आयुष्यात आलेला एखादा अनुभव या अर्थापुढे ‘सी’ दिसेल.