खुलासा : टिटवीची चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस?
एप्रिल-मे आला की व्हॉट्सॲपवर शेतातल्या अंड्यांचे फोटो फिरू लागतात. टिटवीने चार अंडी घातली, म्हणजे चार महिने पाऊस. उंचावर घातली तर अतिवृष्टी. यात तथ्य नाही.

टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते, दुष्काळाच्या वर्षीसुद्धा. अंडी एका बाजूला निमुळती असतात. टोकं आत वळली की चारही पोटाखाली नीट मावतात. आपला मोसमी पाऊसही जून ते सप्टेंबर, चारच महिने. भाकीत चुकणार कसं! आणि उंचावरच्या, म्हणजे गच्चीवरच्या अंड्यांचं म्हणाल, तर खडीची सपाट गच्ची तिला माळासारखीच सोयीची.

खरी काळजी फोटोंची आहे. भर उन्हात टिटवी अंड्यांवर सावली धरते, पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. कुणी मोबाइल घेऊन जवळ गेलं की ती उठते, ओरडत डोक्यावर घिरट्या घालते, आणि इकडे अंडी उघडी तापतात. घरट्याची नोंद ठेवायचीच तर सकाळी लवकर, लांबून, दुर्बिणीने ठेवा. नेमकं ठिकाण ग्रुपवर टाकू नका. रानपक्ष्यांची अंडी हलवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीत मोडतं.