लाल बिल्ला, लाल बावटा

पुतण्याने परवा विचारलं, "काका, तुम्ही नक्की डावे की उजवे?" पुण्यात इंजिनिअरिंगला आहे तो. त्याच्या मित्रांत डावा म्हणजे देशद्रोही, उजवा म्हणजे अंधभक्त, आणि एवढ्यावर विषय मिटतो. मला फोनवर उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

हे शब्द फ्रान्समधले. १७८९ साली तिथल्या राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार असावा का, यावर वाद झाला. राजाच्या बाजूचे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले, विरोधातले डाव्या. बसायच्या जागेवरून पडलेली ही नावं आमच्या निफाड तालुक्यात लावायला गेलं की घोळ होतो. तो घोळ मी घरातच बघत मोठा झालो.

वडील शेतकरी नेते शरद जोशींचे. १९८० च्या कांदा आंदोलनापासून त्यांच्या खिशावर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला. जोशी स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रांच्या टपाल संघटनेतली नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले. शेतकरी गरीब आहे तो आळशी म्हणून नाही, सरकार भाव पाडतं म्हणून, हे त्यांनी आकडे मांडून दाखवलं. वडिलांनी तर उलटी पट्टी हातात घेतलेली होती: कांदा विकून भाडं, हमाली, तोलाई सुटली नाही, वरून खिशातले पैसे द्यावे लागले. जोशींची मागणी: खुला बाजार, मोकळी निर्यात, सरकारने हात काढावा. पुस्तकात याला उजवं म्हणतात. पण याच जोशींनी १९८६ ला चांदवडला शेतकरी बायकांचं अधिवेशन भरवलं आणि पुढे लक्ष्मीमुक्ती मोहिमेत नवऱ्यांना सांगितलं, बायकोच्या नावे जमीन करा. आमची दीड एकर तेव्हाच आईच्या नावावर झाली. हे कुठल्या रकान्यात टाकायचं?

मामा सुरगाण्यात, आदिवासी भागात शिक्षक होते. निवृत्तीनंतर उघडपणे लाल बावट्याचे, म्हणजे कम्युनिस्टांचे. मार्च २०१८ मध्ये किसान सभेच्या मोर्चात नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेले, जवळजवळ १८० किलोमीटर. दहावीच्या पोरांना परीक्षेला पोहोचायला अडचण नको म्हणून शेवटच्या रात्री झोप न घेता सगळे चालले. मागणी काय होती? पिढ्यानपिढ्या कसतो ती वनजमीन २००६ च्या कायद्याप्रमाणे आमच्या नावावर करा. म्हणजे डाव्या मोर्चाला हवा होता जमिनीवर आपल्या नावाचा कागद, आणि तो अडवून बसलं होतं सरकारचंच वनखातं.

मला वाटतं, माणूस डावा की उजवा होतो ते त्याला कोणी नाडलं यावरून. वडिलांना नाडलं सरकारने. मामांनी वर्गातल्या पोरांच्या बापांच्या जमिनी सावकाराच्या घशात जाताना बघितल्या. धर्मावरून शेजाऱ्याला शत्रू ठरवणारं राजकारण मी यात धरतच नाही. त्याचा दोघांनाही मनापासून तिटकारा.

२०२० मध्ये मात्र दोघांचं चांगलंच वाजलं. तीन कृषी कायदे आले, वडील खूश. कांदा जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या जाचातून सुटणार होता. मामा डिसेंबरात त्याच कायद्यांविरुद्ध नाशिकहून दिल्लीला निघालेल्या जथ्यात. तीन महिने बोलणं बंद, आई मधल्या मधे रडकुंडीला. पण त्याआधी सप्टेंबरात काय झालं होतं ते बघा. १४ तारखेला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी लोकसभेत कांदा मोकळा करणारं विधेयक मंजूर झालं. आमच्या कांदा साठवायच्या चाळीत तेव्हा उन्हाळ कांदा भरलेला होता. वडिलांनी दोन्ही बातम्या कापून देवघराच्या खणात ठेवल्या, अजून तिथेच आहेत. आपण ज्याला उजवं सरकार म्हणतो ते संस्कृतीपुरतं उजवं आहे. शहरात भाव चढला की त्याचाही हात आधीच्या सरकारांसारखाच पहिल्यांदा कांद्यावर पडतो.

कांद्याच्या बाबतीत मी वडिलांकडचा, वनजमिनीच्या बाबतीत मामांकडचा. पुतण्याला हे पळवाट वाटेल, पण मी दोन्ही पूर्ण विचाराने सांगतोय.

८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा निर्यातबंदी आली, ऐन लाल कांद्याच्या आवकेत. लासलगावला लिलाव बंद पडले. संध्याकाळी वडिलांना मामांचा फोन.

"दाजी, आता तरी म्हणा, हमीभाव पाहिजे, सरकारने खरेदी करावी."

"मास्तर, ज्याने दार लावलं त्यालाच गिऱ्हाईक व्हायला सांगता?"

"मग व्यापाऱ्याच्या भरवशावर सोडू?"

पाऊण तास चाललं. शेवटी मामांनी विचारलं, कांदा किती क्विंटल अडकलाय.